दुपारचे जेवण रात्रीपर्यंत पोटात राहते तेव्हा: गॅस्ट्रोपॅरेसिस ओळखणे आणि सांभाळणे

चार घास खाल्ले की पोट भरते, जेवून पाच-सहा तास उलटले तरी बरगड्यांखाली जडपणा राहतो, ढेकरांना आंबूस वास येतो आणि कधी संध्याकाळच्या उलटीत दुपारची भाजी ओळखू येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशा तक्रारीला बहुधा ‘पित्त’ किंवा ‘गॅस’ म्हटले जाते आणि औषधाच्या दुकानातून उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल आणून ती महिनोन्महिने चालू ठेवली जाते. त्रास खरोखर आम्लाचा असेल तर त्या कॅप्सूलने आराम पडतो. परंतु जठर वेळेवर रिकामेच होत नसेल, तर जळजळ तेवढी शमते आणि मूळ आजार मागे तसाच राहतो. या आजाराला वैद्यकात गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे सोबत राहतो, मात्र जेवणाचे रूप, प्रमाण आणि वेळ समजून बदलल्यास तो पुष्कळ अंशी आटोक्यात ठेवता येतो. हा लेख मुख्यतः ज्या घरात जुना मधुमेह आहे त्या घरांसाठी लिहिला आहे, कारण तेथेच हा आजार सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो आणि तेथेच तो सर्वांत जास्त नुकसान करतो.

जठरात नेमके काय बिघडते

निरोगी जठराचा वरचा भाग अन्न येताच सैल होऊन त्याला जागा करून देतो आणि खालचा भाग जात्यासारखे काम करतो. मिनिटाला साधारण 3 वेळा आकुंचन पावून तो अन्न दळतो आणि 1 ते 2 मिलिमीटर इतके बारीक झालेले कणच पायलोरस नावाच्या दारातून पुढे लहान आतड्यात सोडतो. पाणी, ताक, पेज यांना दळण्याची गरज नसल्यामुळे ते लवकर पुढे सरकतात. आकुंचनाचा हा ताल जठराच्या भिंतीतील काहाल पेशी ठरवतात, आणि मेंदूपासून पोटापर्यंत येणारी व्हेगस नावाची नस त्यावर नियंत्रण ठेवते. या पेशी किंवा ही नस क्षीण झाली की आकुंचने दुबळी पडतात, पायलोरस वेळेवर सैल होत नाही, आणि वाट कुठेही बंद नसताना अन्न जठरात अडून राहते. वाट बंद नसणे ही या आजाराची अट आहे. व्रणामुळे आकसलेला पायलोरस, गाठ, किंवा आपल्या देशात विसरता न येणारा आतड्याचा क्षयरोग यांमुळेही हीच लक्षणे दिसतात, पण त्यांचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत, आणि म्हणूनच घरच्या घरी निदान करून मोकळे होणे धोक्याचे ठरते.

मधुमेही रुग्णांमधील हा विकार 1958 मध्ये पॉल कॅसँडर यांनी नाव देऊन मांडला. अनेक वर्षे वाढलेली साखर जशी पायांच्या नसांवर परिणाम करून तळव्यांना मुंग्या आणते, तशीच ती व्हेगस नसेवरही परिणाम करते. ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर, मूत्रपिंडांवर किंवा पायांच्या नसांवर मधुमेहाचा परिणाम झालेला आहे, त्यांनी पोटाच्या जडपणाकडे विशेष लक्ष द्यावे. मधुमेह नसलेल्यांमध्येही हा आजार होतो: जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत व्हेगस नस दुखावली गेल्यास, एखाद्या विषाणूजन्य आजारानंतर, पार्किन्सनमध्ये किंवा थायरॉइड मंद असल्यास जठर संथ होऊ शकते, आणि पुष्कळ रुग्णांमध्ये कारण सापडतच नाही. काही औषधेही जठर मंद करतात. ट्रॅमाडॉलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या, काही जुन्या प्रकारची नैराश्यावरची औषधे, आणि अलीकडे मधुमेहासाठी व वजन कमी करण्यासाठी दिली जाणारी सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड यांसारखी औषधे यांत येतात. त्रास अशा औषधानंतर सुरू झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मधुमेहाचे औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

डॉक्टरांना काय सांगावे

दवाखान्यात ‘गॅस होतो’ एवढेच सांगितले, तर डॉक्टर कन्नड बोलणारे असोत की मराठी, त्यांच्या हाती काहीच लागत नाही. त्यांना वेळांची नोंद हवी असते. किती वाजता काय खाल्ले, किती घासांनंतर पोट भरल्यासारखे वाटले, मळमळ किती तासांनी सुरू झाली, उलटी झाली असल्यास तीत काय दिसले, हे दोन आठवडे वहीत लिहून ठेवावे आणि मधुमेह असल्यास त्यासोबत साखरेचे आकडेही मांडावेत. जेवणानंतर लगेच वर येणारे आंबट पाणी आणि पाच-सहा तासांनी उलटीत आलेले न पचलेले अन्न या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो फरक रुग्णाखेरीज दुसरे कोणी सांगू शकत नाही.

खानापूर तालुक्यातील माझ्या आत्याचा मधुमेह वीस वर्षांहून जुना आहे. ती नेहमी म्हणायची, ‘घास उतरतोय बाई, पण तिथंच बसतोय.’ घरातील सर्वांनी ते वयाचे बोलणे मानले. एके दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिला उलटी झाली आणि तीत आदल्या रात्रीच्या उसळीतील मटकीचे दाणे साल न सुटलेल्या अवस्थेत होते. तोपर्यंत तिचे वजन बरेच उतरले होते, ब्लाउज खांद्यावरून घसरू लागले होते, आणि साखर कधी दुपारी अचानक खाली येत असे तर रात्री काही न खाताही चढत असे. ती उलटी पाहिल्यावरच डॉक्टरांनी जठराचा विचार केला.

साखरेचे हे वरखाली होणे स्वतंत्र लक्षण म्हणून ओळखावे. जेवणाआधी इन्सुलिन घेतले, ते ठरल्या वेळी कामाला लागले, परंतु अन्न जठरातच राहिल्यामुळे रक्तात साखर पोहोचली नाही, म्हणून दोन तासांत घाम, थरथर, घाबरेपणा सुरू होतो; आणि इन्सुलिनचा जोर ओसरल्यावर, रात्री, अन्न पुढे सरकते आणि साखर चढते. हे चक्र समजले नाही तर रुग्ण पथ्य पाळत नाही असा आरोप त्याच्यावर होतो. मला तो फार मोठा अन्याय वाटतो, कारण असे रुग्ण बहुधा घरातील सर्वांपेक्षा कमी खात असतात.

तपासण्या

पहिली तपासणी एंडोस्कोपीची असते. दुर्बिणीने जठर व त्यापुढील आतड्याचा आरंभ पाहून व्रण, गाठ, आकसलेपणा नाही याची खात्री केली जाते. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न दिसले आणि वाट मोकळी असली, तर संशय बळावतो, पण निदान तेवढ्यावर पक्के होत नाही. गरज पडल्यास पोटाचा सीटी स्कॅन होतो, आणि रक्तातील साखर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी), थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम यांची तपासणी होते.

निदान पक्के करणारी तपासणी म्हणजे जठर रिकामे होण्याचा स्कॅन. टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश मिसळलेले ठरावीक खाणे रुग्णाला देऊन, खाल्ल्यावर लगेच आणि मग 1, 2 व 4 तासांनी कॅमेऱ्याने प्रतिमा घेतल्या जातात. 4 तासांनी 10 टक्क्यांपेक्षा जास्त अन्न जठरात राहिले असेल, किंवा 2 तासांनी 60 टक्क्यांपेक्षा जास्त राहिले असेल, तर जठर मंद आहे असे मानतात. मूळ पद्धतीत अंड्याचा पांढरा भाग, टोस्ट आणि जॅम देतात. भारतात इडलीच्या खाण्यावरही या तपासणीचा अभ्यास झालेला आहे, त्यामुळे अंडे न खाणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावे.

ही तपासणी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होते आणि तो विभाग प्रत्येक रुग्णालयात नसतो. आपल्याकडील रुग्ण बेळगावबरोबरच कोल्हापूर, मिरज, हुबळी किंवा गोव्यालाही जातात, म्हणून एस.टी.ने निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: तपासणी पूर्ण 4 तासांची होते का, कोणती औषधे किती दिवस आधी थांबवायची, आणि सकाळी साखर किती असल्यास तपासणी पुढे ढकलली जाते. साधारणपणे जठराची गती वाढवणारी व मंदावणारी औषधे 48 ते 72 तास आधी थांबवली जातात, पण कोणते थांबवायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे. त्या सकाळी साखर 275 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर निकाल भरवशाचा राहत नाही, कारण चढलेली साखर स्वतःच जठर मंद करते. सिगारेट, बिडी, तंबाखू त्या दिवशी पूर्ण टाळावी. गरोदरपणाची शक्यता असल्यास आधी सांगावे.

जेवण कसे बदलावे

उपचाराचा मोठा भाग स्वयंपाकघरातच होतो. दुबळ्या जठराला दळण्याचे काम कमी करून देणे आणि एका वेळी थोडेच काम देणे, यात बहुतेक पथ्य येते. मधुमेही रुग्णांवर स्वीडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात, जेवण बारीक कणांच्या रूपात दिले असता मळमळ, उलटी व पोट भरल्याची भावना कमी झाल्याचे दिसले. अन्न शिजवून, काट्याने सहज कुस्करता येईल इतके मऊ करून द्यावे, ही साधी कसोटी कोणत्याही घरात लावता येते.

दोन वेळच्या भरल्या ताटाऐवजी दिवसातून 5 ते 6 वेळा थोडे खावे. एका वेळी वाटी-दीड वाटीपेक्षा जास्त नको. त्रास दिवस चढेल तसा वाढतो, म्हणून घट्ट पदार्थ सकाळी व दुपारी आणि पातळ पदार्थ संध्याकाळनंतर, अशी विभागणी बहुतेकांना मानवते. उदाहरणार्थ, सकाळी सातला नाचणीच्या सत्त्वाची पातळ खीर किंवा आंबील, दहाला मऊ उप्पीट अथवा एक-दोन इडल्या, दुपारी एकच्या सुमारास गुरगुटा भात, मुगाचे वरण आणि दुधी किंवा पडवळाची साल-बिया काढून मऊ शिजवलेली भाजी, चारला साय काढलेल्या दह्याचे ताक आणि अंड्याचा उकडलेला पांढरा भाग, सातला मुगाचे गाळलेले कढण किंवा हुलग्याचे पातळ माडगे, आणि झोपण्याच्या बऱ्याच आधी साय काढलेले थोडे दूध. मधुमेह असल्यास यातील भाताचे व दुधाचे प्रमाण साखरेचे आकडे पाहून ठरवावे लागते.

भाकरीविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे. ज्या माणसाने आयुष्यभर ज्वारीच्या भाकरीवर शेत कसले, त्याला ‘भाकरी सोडा’ असे सांगितले की तो पथ्यच सोडतो. ज्वारीत तंतू भरपूर असतात आणि जाड भाकरीचे कडक काठ दुबळ्या जठराला दळता येत नाहीत, हे खरे आहे. तरीही पीठ बारीक दळून, वस्त्रगाळ करून, भाकरी पातळ थापून, काठ काढून, मधला मऊ भाग पातळ आमटीत किंवा दुधात कुस्करून दहा मिनिटे भिजू दिला, तर अर्धी भाकरी पुष्कळांना पचते. आधी आठवडाभर मऊभातावर पोट स्थिर होऊ द्यावे आणि मग दुपारच्या वेळी अशी अर्धी भाकरी देऊन पाहावी. त्रास झाला तर ज्वारीच्या आंबिलीवर परतावे. नाचणीचेही तसेच आहे. नाचणीची भाकरी तंतुमय असते, पण नाचणी रात्रभर भिजवून, कापडात बांधून मोड आणून, वाटून, ओल्या फडक्यातून पिळून गाळली आणि तळाशी बसलेला पांढरट-तांबूस साका वाळवला, तर कोंडा फडक्यात राहतो आणि सत्त्व वेगळे होते. ही खटपट आपल्या घरांत लहान बाळासाठी होतेच. ती आजीसाठीही करावी.

येथे मधुमेहाच्या नेहमीच्या पथ्याशी या आजाराचे पथ्य थेट टक्कर घेते, आणि माझ्या मते बहुतेक घरांची फसगत येथेच होते. मधुमेही माणसाला वर्षानुवर्षे सांगितलेले असते की कच्ची कोशिंबीर खा, मोड आलेली कडधान्ये खा, कोंड्यासकट पीठ वापर, सकाळी भिजवलेल्या मेथ्या घे. साखर हळू चढावी म्हणूनच हे सांगितलेले असते आणि त्यातील काही उपाय जठर मंद करूनच काम करतात. जठर आधीच मंद झालेल्या माणसाने मेथ्यांचे दाणे चालू ठेवले, किंवा बद्धकोष्ठासाठी फुगून गर होणारा इसबगोल घेतला, तर त्याचे पोट अधिकच तुंबते. म्हणून निदान झाल्यानंतर मधुमेहाचा जुना आहारतक्ता बाजूला ठेवून डॉक्टर व आहारतज्ज्ञांकडून नवा करून घ्यावा, आणि साखर आटोक्यात ठेवण्याचा भार तंतूंवरून काढून लहान प्रमाण व औषधांच्या वेळा यांवर टाकावा. बद्धकोष्ठाकडे मात्र दुर्लक्ष नको, कारण आतडी तुंबली की जठरही मंदावते. त्यासाठी इसबगोलाऐवजी दुसरे औषध डॉक्टरांना मागावे.

शेवग्याच्या शेंगा, गवार, मक्याचे कणीस, कच्चा कांदा, मेथीचे देठ, पेरू, ओले खोबरे, संत्र्याच्या फोडींवरची सालपटे, सालीसकट मटकी-मसूर यांतील न पचलेले तंतू जठरात साठून त्यांचा घट्ट गोळा बनू शकतो आणि तो कधी दुर्बिणीने फोडून काढावा लागतो. अख्ख्या मसुराऐवजी सालविरहित मसूरडाळ शिजवून घोटावी, संत्र्याऐवजी पिकलेले केळे अगदी थोडे कुस्करून घ्यावे, पालेभाजी खायचीच असेल तर देठ काढून, शिजवून, वाटून घ्यावी.

तेल-तुपाने जठर मंदावते. मटणाचा तर्रीचा रस्सा, भजी, वडे, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे पदार्थ यांचे प्रमाण कमी करावे; प्रथिनांसाठी अंडे, ताजे मासे, चिकनचा मऊ शिजवलेला खिमा, डाळींचे गाळलेले पाणी नव्हे तर घोटलेले वरण, आणि ताक वापरावे. बेळगावचा कुंदा, तुपातले मांडे, गोकाकचा करदंट हे सणासुदीचे पदार्थ साखर, स्निग्धांश आणि सुकामेवा यांमुळे मधुमेही रुग्णाला तिहेरी जड जातात, त्यामुळे ते न देणेच इष्ट. दुधातील किंवा पातळ पदार्थांतील स्निग्धांश मात्र घट्ट पदार्थांतील तेलापेक्षा बहुधा सोसतो, म्हणून वजन उतरलेल्या रुग्णाला पातळ रूपात उष्मांक देता येतात. तिखटाने जठर मंदावते असे नाही, पण संकेश्वरी मिरचीचा ठेचा जळजळ वाढवत असेल तर तो बाजूला ठेवावा.

दातांकडे कोणी पाहत नाही. दाढा पडलेल्या माणसाचे चर्वण अपुरे राहते आणि ते राहिलेले काम दुबळ्या जठरावर येते, म्हणून कवळी सैल झाली असेल तर ती आधी नीट करून घ्यावी.

जेवताना ताठ बसावे, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नये, आणि शेतातून आल्यावर जेवून लगेच पडण्याची सवय मोडावी. शतपावलीची जुनी चाल या आजारात फार कामाची आहे. अंगणात दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरले तरी जठराला मदत होते. सोडा आणि शीतपेयांतील वायूने पोट अधिक ताणले जाते, तेव्हा ढेकर येऊन बरे वाटले तरी ती घेऊ नयेत. मद्य आणि धूम्रपान जठर मंद करतात. निपाणीच्या आसपास तंबाखूच्याच कामात हयात गेलेल्या घरांत बिडी किंवा मशेरी सोडणे किती कठीण असते याची जाणीव ठेवून सांगतो की हा उपाय टाळून बाकीचे पथ्य अपुरे पडते.

उपवासांबद्दल घरातील वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे. एकादशी, संकष्टी किंवा श्रावणी सोमवारी दिवसभर रिकाम्या पोटी राहून संध्याकाळी शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी पोटभर खाणे, हे या रुग्णांना सर्वांत वाईट बाधते, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर दिवसा साखर धोकादायक खाली जाऊ शकते. उपवास करायचाच असेल तर दर दोन-अडीच तासांनी ताक, गाळलेली राजगिऱ्याची पेज असे थोडे थोडे घेऊन करावा, आणि त्या दिवसाच्या औषधांविषयी आधी विचारून घ्यावे.

साखर आणि इन्सुलिन

साखर 200 मिलिग्रॅमच्या वर राहिली तर जठर आणखी मंदावते, आणि जठर मंदावले की साखर सांभाळणे आणखी कठीण होते. हे चक्र तोडण्यासाठी जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी आणि चार-पाच तासांनी अशी साखर काही दिवस मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत. त्यावरून काही रुग्णांना जलद इन्सुलिन जेवणाआधीऐवजी जेवणानंतर घेण्यास सांगितले जाते किंवा मात्रेची विभागणी केली जाते. हा बदल स्वतःच्या मनाने करू नये.

साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली आली तर बिस्किट किंवा चपाती देऊ नये, कारण ती जठरातच अडकेल. 3 चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि गरज असल्यास पुन्हा द्यावे. माणूस बेशुद्ध किंवा झापडीत असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून तातडीने दवाखान्यात न्यावे.

औषधे

जठराची गती वाढवणारी आणि मळमळ थांबवणारी औषधे उपयोगी आहेत, पण ती दुकानातून मागून घेण्याची नाहीत. आपल्याकडे आम्ल कमी करणाऱ्या कॅप्सूलमध्येच डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड हे जठराची गती वाढवणारे औषध मिसळलेले असते आणि घेणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. डॉम्पेरिडोनमुळे हृदयाचा ठोका बिघडू शकतो. 60 वर्षांपुढील व्यक्तींत आणि दिवसाला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांत हा धोका वाढतो, आणि क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक) किंवा फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचे औषध) यांसारख्या औषधांबरोबर ते घेणे टाळायचे असते. लेव्होसल्पिराइडमुळे वृद्धांमध्ये हात थरथरणे, चालणे संथ होणे अशी पार्किन्सनसारखी लक्षणे येऊ शकतात, तसेच स्त्रियांची पाळी चुकू शकते किंवा स्तनांतून दूध येऊ शकते. याच कामाचे मेटोक्लोप्रमाइड सहसा 12 आठवड्यांपेक्षा जास्त काळ देत नाहीत, कारण त्यामुळे तोंड, जीभ यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होऊन त्या कायमच्या राहू शकतात. जठराची गती वाढवण्यासाठी दिलेले एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक काही आठवड्यांतच निष्प्रभ होऊ लागते. घरातील वृद्धाचे हात नव्याने थरथरू लागले असतील, तर वय झाले असे म्हणण्यापूर्वी त्याच्या गोळ्यांच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत.

आले घालून केलेले पातळ पाणी काहींची मळमळ कमी करते. ते घोट-घोट घ्यायला हरकत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी-12 जीवनसत्त्वाची पातळी तपासून घ्यावी.

पथ्य आणि औषधे दोन्ही नीट पाळूनही वजन उतरतच असेल, तर मोठ्या केंद्रातील पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे. तोंडातून दुर्बीण नेऊन पायलोरसचा स्नायू कापण्याची जी-पोएम ही पद्धत 2013 पासून वापरात आली आहे आणि ती भारतातही केली जाते; निवडक रुग्णांना तिचा उपयोग होतो. ती शक्य नसल्यास काही काळ नळीने थेट लहान आतड्यात अन्न देतात. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, अगदी डोळ्याच्या किंवा दाताच्या, भूलतज्ज्ञांना हा आजार सांगणे अत्यावश्यक आहे, कारण ठरलेल्या तासांचा उपवास करूनही जठरात अन्न असू शकते आणि ते भुलीत श्वासनलिकेत जाऊ शकते.

थांबू नये अशी वेळ

दिवसभरात पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी फारच कमी झाली असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, शौच डांबरासारखे काळे झाले, पोटात असह्य दुखू लागले, गिळताना अन्न अडकू लागले, किंवा मधुमेही रुग्णाला उलट्यांबरोबर जोरजोरात श्वास लागून झापड येऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. महिन्याभरात वजन 5 टक्क्यांनी उतरणे, म्हणजे 60 किलोच्या माणसाचे 3 किलो जाणे, हेही लवकर दाखवण्याचे कारण आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील वाड्यांवरून पावसाळ्यात वाहन मिळायला वेळ लागतो, म्हणून ओआरएसची पाकिटे, ग्लुकोज पावडर आणि साखर मोजण्याच्या पट्ट्या घरात आधीच ठेवाव्यात, आणि निघताना वहीबरोबर सर्व गोळ्यांची पाकिटे, एंडोस्कोपीचा अहवाल आणि शेवटचे इन्सुलिन किती वाजता घेतले याची चिठ्ठी एका पिशवीत घालून सोबत न्यावी.